चाळिसाव्यापर्यंत मुदत

"अहो वहाबभाऊ, तुमची बायको तर मागेच मेली आहे!" कोर्टाच्या ओट्यावर वकिलांनी कपाळाला हात लावला.

वहाब अहेरीतला गाद्या भरणारा. राहतं घर मालकाला रिकामं करून द्या, असा निकाल लागून वर्षं उलटली होती. पण दर वेळी एखादा अर्ज पडायचा अन् ताबा पुढे जायचा. कधी वहाबची कंबर, कधी रमजान, कधी नदीचा पूर. सगळी कारणं संपली, तेव्हा वकिलांनी त्याच्या बायकोला, सुलतानालाच कागदावर मारलं. पत्नी वारली, चाळिसाव्या दिवसाची फातिहा होईपर्यंत मुदत मिळावी. वहाबने डोळे मिटून सही ठोकली, आणि मुदत मिळाली.

घरी सुलताना पोट धरून हसली होती. "मंग माह्या चाळिसाव्याले बिर्यानी होऊ दे की! मीच खाईन," म्हणाली. आणि खरंच पकवली बयेने. खाल्लीही चांगली चापून.

गेल्या जुम्म्याला ती खरोखरीच गेली. आणि उद्या कोर्टाचा बेलीफ ताबा घ्यायला दारात येणार होता.

"मागचं खोटं होतं असं सांगावं, तर तुम्ही आत जाल अन् माझी सनद जाईल," वकील पुटपुटले. "साहेब तेच, फाईल तीच."

"घर नाई पायजे मले," वहाब म्हणाला. "चाळिसाव्यापर्यंत राहू द्या फक्त. तवरीक मेलेल्याची रूह घरी येत-जात राह्यते, वकीलसाहेब. ती येईन, अन् घरात परके लोक दिसतीन तिले."

वकिलांनी फाईल चाळली. माणूस वाईट नव्हता, पण अर्जापलीकडे त्याला काही सुचत नसे. जरा वेळाने त्यांचा चेहरा उजळला. "जमलं! मागे वारली ती पहिली. ही दुसरी. तुमच्यात चालतं ना? टाकतो लिहून."

लिहिलंही. कागद पुढे सरकवला, पेन हातात दिला.

वहाबला वाचता येत होतं. सुलतानाच्या नावाआधी 'दुसरी पत्नी' असं लिहिलं होतं. सही केली की घर चाळिसाव्यापर्यंत त्याचं. त्याला ते घर इतकं हवं होतं की त्याने पेन कागदावर टेकवलाही. पण जन्मभर जिला कधी सवत पाहावी लागली नाही, तिच्या उरावर मेल्यावर सवत आणून बसवायची?

"मारली तवा हासली ती," तो म्हणाला. "हे नाई सहन होनार तिले."

त्याने पेन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी बेलीफ आला. गाद्या, भांडी, पिंजलेला कापूस रस्त्यावर आला. मालकाने दाराला आपलं कुलूप लावलं आणि सगळे निघून गेले. दिवस मावळला तरी वहाब पायरीवरून हलला नाही.

शेजारचा मुखरू जेवायला बोलवायला आला. "चाल ना भाऊ, इथी काऊन बसला? घर तं गेलं आता."

"तू जेवून घे," वहाब म्हणाला. "ती येईन, अन् कुलूप पाहून वापस जाईन. मी इथीच हावो म्हून सांगाले कोनी तं पायजे ना."