तेरा तासांचा प्रवास

"तेरा तास लागतात. माझ्यासाठी थांबू नका, उरकून घ्या."

फोनवर मुलगा एवढंच म्हणाला होता आणि आल्यागेल्याला ती तेच सांगत होती.

तिचा नवरा, गल्लीतला जुना घड्याळजी, पहाटे गेला. नऊ वाजेपर्यंत जिना चपलांनी भरला. एकुलता एक मुलगा परदेशात, साडेसहा हजार किलोमीटरवर. त्याच्याशिवाय बापाला न्यायचं, हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं. ती मात्र गाडी बोलवा, गाडी बोलवा म्हणून मागे लागली होती. बाई धीराच्या, असं शेजारीण कुजबुजली. धीर कसला, ती सारखी दाराकडे बघत होती.

तेवढ्यात परगावचा धाकटा दीर आला आणि अडून बसला. जन्मभर ट्रकांच्या वेळा जुळवलेला माणूस. दुसऱ्याने सांगितलेली वेळ त्याला कधी खरी वाटली नाही. तेरा तास कुणी सांगितले, असं त्याने विचारलं. तिने कपाटातून मुलाच्या पहिल्या प्रवासाचं तिकीट काढून दाखवलं. निघायचं सकाळी आठला, पोचायचं रात्री नऊला.

दिराने भिंतीकडे पाहिलं. तिथे दोन घड्याळं होती, एक इथल्या वेळेचं आणि एक मुलाच्या शहरातल्या वेळेचं. कान पार गेल्यापासून घड्याळजीला फोनवर बोलता येत नसे, पण त्या दुसऱ्या घड्याळाला चावी द्यायला तो कधी चुकला नाही. दोन वर्षांपूर्वी तो मरता मरता वाचला, तेव्हा पोराला एकदा बघायचा त्याने ध्यासच घेतला होता. पोराला आणायला तिने नाही नाही ते करून पाहिलं. तो आला नाही. पुढे तीच गॅलरीत जाऊन फोनवर बोलायची आणि आत येऊन पाटीवर लिहायची: तुमची चौकशी करत होता, रजा मिळाली की येतोय. म्हातारा मग दिवसभर खुशीत असे.

"वहिनी, तिकडचं घड्याळ साडेतीन तास पुढे आहे," दीर म्हणाला. "तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. विमानाला साडेनऊच तास लागतात."

तिने तिकीट पुन्हा उलटून पाहिलं. घड्याळजीच्या बायकोला एवढं साधं गणित येऊ नये, याचं एकदोघांना हसूही आलं. पण ज्याला विचारायचं, त्यालाच तिला विचारता येत नव्हतं.

"संध्याकाळचं विमान धरलं तरी उद्या सकाळी पोरगा दारात. आपण थांबू. मी लावतो फोन."

"नको, भाऊजी. तो नाही यायचा. मी बोललेय त्याच्याशी."

"तुम्ही तेरा तास धरून बोललात."

पुतण्याचा नंबर फक्त तिच्याच फोनमध्ये होता. दिराने तिच्या हातून फोन काढून घेतला, नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. तिने हळूच नवऱ्याच्या कानांवर चादर ओढली.

"अरे, मी काका. बाबा गेले. तू नीघ, आम्ही थांबतो."



"असं काय करता, काका? बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हाच आईला सांगितलं होतं, तेरा तास लागतात, माझ्यासाठी थांबू नका."