सामाईक पत्रा

जेवणं उरकल्याबरोबर थोरली जाऊ पाना घेऊन पत्र्यावर चढली. संध्याकाळी वादळ येणार, घरं आवळून घ्या, असं रेडिओ सकाळपासून घसा कोरडा करून सांगत होता. नवऱ्याच्या खांद्याच्या ऑपरेशनची जखम अजून ओली होती, त्यामुळे शिडीचं नाव काढायची सोय नव्हती. तो आत टेबलावर उभा राहून बऱ्या हातानं पकडीत हूक धरी आणि ती वरून नट आवळी. नट गंजलेले होते. आतून कुणी धरलं नाही, तर नटाबरोबर हूकही फिरत राही आणि पत्रा होता तसाच सैल.

आपल्या बाजूचे सगळे नट आवळून ती मधल्या भिंतीपर्यंत आली. भिंत पत्र्याखालीच संपत होती. पलीकडे दिराचं घर, पण छप्पर दोघांचं मिळून एकच. पत्रे एकमेकांच्या कडेखाली सरकवलेले. तिनं हात लांबवून पलीकडची कड उचलून पाहिली, तर ती वहीच्या पानासारखी वर आली. वारा एकदा त्या कडेखाली शिरला की पत्र्यामागून पत्रा उचकटत तिच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायला त्याला वेळ लागणार नव्हता.

दीर कामासाठी परगावी अडकला होता. घरात धाकटी जाऊ आणि तिचं तान्हं बाळ, एवढीच.

नवरा बाहेर येऊन खालून म्हणाला, तिकडे जाऊ नकोस. एकदा नाक खुपसून पाहिलंस, पुरे झालं. आणि बोलावल्याशिवाय हूक धरायलासुद्धा मी काही त्या घरात पाऊल टाकणार नाही.

त्याचंही खरं होतं. हिवाळ्यात धाकटीनं हीटरची ऊब बाहेर जाऊ नये, विजेचं बिल आवरावं म्हणून छताजवळचा झरोका फडकी कोंबून बुजवला होता. घराला श्वास घ्यायला जागा उरली नाही. भिंतीवर काळी बुरशी चढली आणि बाळाची छाती घरघरू लागली. ते पाहून थोरलीचा जीव वरखाली झाला, पण तोंडातून निघालं भलतंच. चार बायकांदेखत ती म्हणाली होती, घर नीट ठेवता येत नसेल तर सांग, मी येऊन पुसून देते. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं होतं.

थोरलीनं पदर खोचला आणि मधल्या भिंतीची रेघ ओलांडून पलीकडच्या पत्र्यावर पाय ठेवला.

पत्रा वाजला तशी धाकटी बाळाला खांद्यावर टाकून बाहेर आली.

"ताई, आमच्या पत्र्यावरून खाली उतरा."

"उतरते. एवढी कड आवळली की उतरते."

"मी बोलावलं नव्हतं तुम्हाला."

थोरलीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते गिळून तिनं पहिल्या नटाला पाना लावला. नट फिरला, आणि त्याच्याबरोबर हूकही फिरला. दुसऱ्याचं तेच. खाली दार धाडकन लागलं.

कडेचा हूक कुठे अडकलाय ते दिसावं म्हणून ती पोटावर आडवी झाली आणि डोकं पुढे काढून खाली वाकली. समोरच झरोका होता. त्यात फडकी नव्हती. बारीक जाळी ठोकलेली होती, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून वर डब्याच्या पत्र्याचा छोटा छज्जा. शेजारच्या खिडकीच्या फटी रबरी पट्टी लावून बंद केलेल्या, म्हणजे ऊब आत आणि दमट हवा बाहेर. जाळीतून आतली भिंत दिसत होती. घासून, पांढरा हात दिलेली. बुरशीचा ठिपकासुद्धा नव्हता.

हे सगळं केव्हा केलं, कुणी केलं, विचारायची गरज नव्हती. दीर तर गेले कित्येक दिवस घरीच नव्हता.

तेवढ्यात वाऱ्याचा पहिला झोत आला. सैल पत्रा थोरलीसकट वर उचलला गेला आणि दणकन खाली आपटला. आत बाळ दचकून रडू लागलं. नवरा अंगणातून, आता उतर, म्हणून विनवू लागला. ती उतरली नाही. उलट पाय फाकून तिनं सगळं अंग पत्र्यावर दाबलं आणि तोंड झरोक्याजवळ नेलं.

"झरोका झकास केलायस," ती म्हणाली. "मी तेव्हा बोलले ते चुकलंच माझं."

तिनं पुन्हा पाना लावला. नट आणि हूक दोन्ही गरकन फिरले.

"हूक फिरतोय गं. माझ्या एकटीच्यानं होत नाही. आतून धरशील?"

बाळाचं रडणं दारापर्यंत आलं. दार उघडलं. धाकटी बाहेर आली, वर न बघता तरातरा अंगण ओलांडून थोरलीच्या नवऱ्यापाशी गेली आणि बाळ त्याच्या बऱ्या हातावर ठेवलं.

"भाऊजी, याला घेऊन आमच्या घरात बसा. बाहेर वारा आहे."

तो काही बोलायच्या आत ती माघारी फिरलीही होती. तो बाळाला छातीशी धरून तिच्या मागोमाग आत गेला.

वर थोरलीला आत स्टूल ओढल्याचा आवाज ऐकू आला. मग पकडीचा खणखणाट. तिनं पाना लावला आणि जोर दिला. हूक जागचा हलला नाही. नट करकरत खाली बसला, पत्रा खालच्या आडव्या पाइपाला चिकटला.

थेंब पडू लागले होते. थोरलीनं डोळ्यांवरचं पाणी मनगटानं पुसलं.

झरोक्यातून धाकटीचा आवाज आला.

"पुढचा कुठला?"