टेकडीपलीकडचं घर

“हेच घर!” फिलोमेननं नकाशावर बोट असं दाबलं, की कागदाला खळगा पडला. “दारूगोळा ठासून भरलाय इथं. जर्मनांनी आम्हा बायकांना गावातून हाकललं ना, तेव्हा गाड्या रित्या होताना या डोळ्यांनी पाहिल्यात मी.”

फ्रेंच तोफखान्याच्या कॅप्टननं झटकन मान वर केली. “तळघरात?”

“तळघरातच. मग काय कौलांवर ठेवतील?”

धादांत खोटं. गाड्याबिड्या तिनं पाहिल्या नव्हत्या. घर शेजारच्या ओनेझिमचं होतं, एवढंच खरं. तिच्या नवऱ्यानं, क्लोव्हिसनं, शिकारीची जुनी बंदूक गवताच्या गंजीत लपवली होती. जर्मनांनी ती बरोबर हुडकली आणि त्याला शाळेच्या भिंतीशी उभा करून गोळी घातली. गंजीतली जागा ओनेझिमवाचून कुणाला ठाऊक होती? आणि त्याच संध्याकाळी ओनेझिमच्या टेबलावर जर्मन अधिकारी जेवायला! तो त्यांना वाइन वाढत होता, दात काढत होता. हे मात्र तिनं खरंच पाहिलं होतं. रडायला तिला सवड नव्हती. ते घर पडायला हवं होतं, आणि पडताना ओनेझिम आत हवा होता.

जुन्या लांब नळीच्या तोफा सरळ मारायच्या. त्यांचा गोळा मधल्या टेकडीतच रुतायचा. ही नवी तोफ बुटकी. नाक आभाळाकडे करायची, की गोळा टेकडीवरून जाऊन पलीकडे डोक्यावर पडायचा. तिला स्वतःला काही दिसत नाही. कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्याचं खरं मानावं लागतं. फिलोमेनला ही तोफ फार आवडली.

दोघा सैनिकांनी मिळून गोळा उचलून आणला. दाढीवाल्या गोलंदाजानं त्यामागून दारूच्या कापडी पिशव्या सारल्या. एक मात्र काढून बाजूला ठेवली.

“चिकट मेला! घाल की सगळ्या.”

“मावशी, सगळ्या घातल्या तर गोळा जाईल तुमच्या चर्चवर. पाद्रीबाबांचे शिव्याशाप कोण खाणार?”

“तो कधीच पळाला शेपूट घालून. तोफेची दोरी दे इकडं. मीच ओढणार.”

दाढीवाल्यानं कॅप्टनकडे पाहिलं. “द्या त्यांना,” कॅप्टन म्हणाला.

तिनं दोरी ओढली. तोफ धडाडली, पायाखालची जमीन हादरली. टेकडीवरच्या टेहळ्याचा टेलिफोन आला: पन्नास मीटर अलीकडे. तिनं पुन्हा ओढली. पुन्हा थोडा अलीकडे. तिसऱ्यांदा ओढताना ती पुटपुटली, “घे, ओनेझिम. आता मी वाढते.”

या वेळी टेकडीपलीकडून जो आवाज आला तो एका गोळ्याचा नव्हता. तो थांबेचना. गडगडत राहिला. काळ्या धुराचा खांब आभाळात चढला. तोफेवरच्या पोरांनी टोप्या उडवल्या. फिलोमेन दोरी धरून तशीच उभी. एका घरात एवढं पेटण्यासारखं असतं काय? मग तिनं छातीवर क्रूस काढला. देवानंच आपलं खोटं खरं करून दिलं, दुसरं काय!

कॅप्टननं ब्रँडीचा पेला तिच्या हातात दिला. “बाई, तुम्ही आला नसतात तर आम्ही तिकडे एक गोळासुद्धा टाकला नसता. गावकऱ्यांनी निरोप पाठवावेत म्हणून आमच्या विमानानं गावावर कबुतरांची टोपली सोडली होती. तीन कबुतरं परत आली, त्याच घरातून. तिन्हींच्या पायाला एकच निरोप. आम्हाला वाटलं, जर्मनांचा डाव असेल. दुसरा साक्षीदार मिळेना.”

“कसला निरोप?”

कॅप्टननं खिशातून चिठोरी काढली आणि तिला वाचून दाखवली.

“‘दारूगोळा माझ्याच तळघरात आहे. अधिकाऱ्यांना रोज जेवू घालतो, म्हणजे ते माल इथून हलवणार नाहीत. मी घर सोडलं तर त्यांना संशय येईल, म्हणून मी आतच राहीन. माझा विचार करू नका. मारा.’”