टोरांटोला जाणारी किमची

चुसोकच्या सणाला मुन्सोक कोरियात, गुन्सानला घरी आला तो रिकामी मोठी बॅग ओढत, डोळे चोळत. टोरांटोची नोकरी जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून तो सोलमध्येच खोली घेऊन राहत होता, बसने अडीच तासांवर. पण आईला हे सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. मार्चमधलं वडिलांचं श्राद्धसुद्धा त्याने "विमानातच चौदा तास जातात गं आई, रजा कुठून आणू?" म्हणून चुकवलं होतं. आताही आईसाठी आणलेल्या मेपल सिरपच्या बाटलीवरचं सोलच्या दुकानाचं लेबल पठ्ठ्याने नखाने खरवडून काढलं होतं.

"चौदा तास अवघडून बसलास, पड जरा," म्हणत आईने भरदुपारी अंथरूण घातलं. झोप येत नसताना तो डोळे मिटून पडून राहिला. आई त्याचे पाय चेपत बसली, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना आईने नेहमीसारखी किमचीची, आंबवलेल्या कोबीच्या लोणच्याची, बरणी पुढे केली. एरवी ती झाकणाला चिकटपट्टी लावून वर चार प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळायची. "वाटेत फुगून फुटली, तर अख्खं विमान मला शिव्या घालेल," म्हणायची.

या वेळी बरणी नुसती फडक्यात बांधलेली होती.

 

"मांडीवर धरून बस, अडीच तासांत काही फुगत नाही," आई म्हणाली. "आणि मार्चमध्ये बाबांच्या श्राद्धाला ये."