स्लॅबखालची ग्रामसभा

टपोरे थेंब टेबलावर पडू लागले तसा ग्रामसेवक मुकुल फायली पोटाशी धरून सभागृहात पळाला. बाकी कुणी जागचं हललं नाही. बायांनी पदर डोक्यावर ओढले, बाप्यांनी उपरणी घेतली, आणि सगळं गाव लिंबाखाली भिजत उभं राहिलं. समोर सभागृहाचं दार सताड उघडं होतं. आत खुर्च्या मांडलेल्या होत्या, पंखेसुद्धा फिरत होते.

"सरपंचताई, बोलवा ना सगळ्यांना आत!" मुकुल दारातून ओरडला. पोरगा नांदेडचा, या गावात नवा. "पाणी योजनेचा ठराव आजच्या सभेत नाही झाला तर योजना दुसऱ्या गावाला जाते. मग बसा पुन्हा टँकरची वाट बघत."

सरपंच इंदूला ते ठाऊक होतं. याच योजनेसाठी तिने तालुक्याला हेलपाटे घालून चपला झिजवल्या होत्या.

"भाऊसाहेब, जरा दम धरा," ती म्हणाली. "आमची म्हातारी माणसं स्लॅबखाली बसत न्हाईत."

मुकुलला काय सांगणार? भूकंप झाला तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. गणपती बोळवून गाव झोपलं आणि उजाडायच्या आत घरांची मातीची माळवदं खाली आली. गाव नव्या जागी वसलं, पक्की घरं मिळाली, तरी कितीतरी वर्षं माणसं अंगणात पत्र्याखालीच झोपत. म्हणून तर सभागृह बांधून झालं तेव्हा सरपंच या नात्याने इंदूनेच सांगून टाकलं होतं, जुन्या माणसांना भीती वाटते, सभा बाहेरच घेऊ. सगळ्यांनी मुकाट माना डोलावल्या. तेव्हापासून ग्रामसभा लिंबाखाली, आणि एवढं मोठं सभागृह फक्त खुर्च्यांच्या मुक्कामाला.

स्वतःच्या भीतीचं मात्र तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. कार्यालयात ती दाराशीच बसे, तिथे उजेड बरा पडतो म्हणून. घरी पडवीत झोपे, आत उकडतं म्हणून. थंडीतही उकडायचं तिला. कुणी विचारलं नाही, म्हणून निभावलं.

भूकंपाच्या वेळी ती सहा वर्षांची होती. ढिगाखालच्या अंधारात शेजारी आई होती, पण दिसत नव्हती. "इंदे, बोलत ऱ्हा," आई म्हणत होती. "गप होऊ नको." इंदू बोलत राहिली. गाईचं सांगितलं, गणपतीचं सांगितलं. मग आईच गप्प झाली. आजही डोक्यावर स्लॅब आला की तो आवाज कानाशी येई, अगदी उजवीकडून, ओल्या मातीच्या वासासकट. इंदूला त्या आवाजाची भीती वाटे, आणि आईच्या आवाजाची भीती वाटते याची लाजही वाटे.

पाऊस वाढला. अण्णाराव काठीवर भार टाकून कुडकुडत होते. तिला त्या ढिगातून ओढून काढणारे तेच. त्यांच्या शेजारी साखराबाई. इंदूची आत्या आणि आता सासूही. पोरक्या भाचीला तिनेच वाढवलं आणि पोराला करून घेतली.

"इंदे, राहू दे," साखराबाई म्हणाली. "सभा रद करून टाक. टँकर येतोच की. आजवर काय आपण तहानेनं मेलो का?"

आत्याला एवढी भीती? उन्हाळ्यात टँकरमागे धावताना पडून जिचा हात मोडला होता, ती म्हातारी योजना सोडायला निघाली होती. इंदूला भडभडून आलं. या माणसांच्या मनातून ती रात्र कुणीतरी काढलीच पाहिजे, तिला वाटलं. आणि सरपंच तर तीच होती.

ती वळली आणि सभागृहात शिरली.

पंख्यांची घरघर ऐकू येईनाशी झाली. उजवीकडून आवाज आलाच. इंदे, बोलत ऱ्हा. तिने आतल्या टेबलाची कड घट्ट धरली. मुकुलच्या हातून माईक घेऊन ती बोलू लागली. विहीर कुठे घ्यायची ते सांगितलं, टाकी कुठे बांधायची ते सांगितलं, कुठल्या गल्लीत नळ आधी येणार तेही सांगितलं. थांबलीच नाही. बोलता बोलता पाहिलं तर माणसं एकेक करून आत येत होती, आवाज न करता खुर्च्यांवर बसत होती. वर कुणीच बघत नव्हतं. सगळे तिच्याकडेच बघत होते.

हात वर झाले. ठराव मंजूर झाला. मुकुलने सुटकेचा निःश्वास टाकला.

इंदू टेबलामागून निघून अण्णारावांपाशी गेली. "आण्णा, लई भ्या वाटलं का?"

"मला?" अण्णाराव उपरण्याने तोंड पुसत म्हणाले. "मी रोज स्लॅबखालीच झोपतो की, पोरी. समदं गावच झोपतं."

"मग आजवर भायेर का बसत होते तुम्ही?"

म्हाताऱ्याने साखराबाईकडे पाहिलं. ती पदराने डोळे टिपत होती.

"त्या राती लई येळ तुला एकटीला ठिवलं गं आम्ही," अण्णाराव म्हणाले. "परत तसं भ्यात एकटीला न्हाई ठिवायचं, येवढंच गावानं ठरवलं हुतं."