शेंदराची खूण

बांधापाशी वहाणा काढून खंडोजी राईत शिरला. पहिल्याच मोहाच्या झाडासमोर त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि हात जोडले. मागच्या लाकूडतोड्यांनीही तेच केलं. बांधाबाहेर बैलांच्या दमणीत बसून पान जमवणारे जंगल-अंमलदार मोरोपंत बघतच राहिले.

मनावर गावाकडची ही राई तोडून तिथं गोऱ्या साहेबासाठी शिकारकोठी बांधायची होती. कोठी झाली की पंतांची बढती पक्की. मध्यंतरी तिथले भिल्ल संस्थानच्या राजधानीत, धारेला येऊन पंतांच्या पाया पडले होते. राईत आमचा देव राहतो, म्हणाले. रुद्र तोंडपाठ असलेल्या पंतांनी त्यांना देव म्हणजे काय ते समजावून सांगितलं. "देऊळ नाही, कळस नाही, शेंदराचं बोटसुद्धा नाही. देव ओळखायचा कसा रे?"

भिल्ल आल्या वाटेनं परतले. पुढं तोडायच्या झाडांवर खुणा करायची वेळ आली, तेव्हा त्यांच्यातला थावऱ्या आपणहून पुढं आला. घरोघरच्या भिंतींवर देवाचे घोडे रंगवणारा हा माणूस. पंतांना गहिवरूनच आलं. रयत सुधारते ती अशी!

"खूण लांबून दिसली पाहिजे," पंतांनी बजावलं. "आणि पक्की हवी."

"गेरू तो धुली जाय, हुजूर," थावऱ्या म्हणाला. "सिंदूर ने तेल दिलाओ."

पंतांनी सरकारी खर्चानं शेंदूर आणि तेल दिलं आणि ते निर्धास्त धारेला परतले. खुणा बघत बसायला अंमलदार कशाला हवा? धारेहून त्यांनी आपली मराठी माणसं तेवढी आणली. भिल्लांनी तोडायला नकार दिला असता, एवढं त्यांना कळत होतं.

आता प्रत्येक बुंध्यावर शेंदरी घोडा उभा होता. त्यावर स्वार. तेलानं सगळं चकाकत होतं. थावऱ्या एका झाडाखाली बसून बोटं पुसत होता.

"अरे गाढवांनो, या तोडायच्या खुणा आहेत! मीच करवून घेतल्यात!" पंत दमणीतून उतरले आणि तणतणत राईत शिरले. त्यांनी स्वतःच कुऱ्हाड उचलली. "चित्रं आहेत ही, भिल्लानं काढलेली! देव नव्हे!"

खंडोजी खाली मान घालून म्हणाला, "असंल, पंत. मग तुमचे जोडे कुठं गेले?"

पंतांनी पायांकडे पाहिलं. जोडे बांधापाशी होते, लाकूडतोड्यांच्या वहाणांशेजारी, नीट जुळवून ठेवलेले.