सैल हात

“हात सैल सोड गं,” अनसूया कासारीण नवरीला म्हणाली. चुड्याची चौथी बांगडी भरताना फुटली होती.

“सैलच सोडलाय, मावशी. तुमचाच हात लाकडासारखा लागतोय.”

बायका हसल्या. अनसूयाला डॉक्टरीणबाई आठवल्या. “शरीर कातडीखाली नको तितके तंतू विणतंय. कातडी आवळत जाईल. औषध घ्या, नाहीतर बोटं वाकून बसतील.” तिने मात्र घरी येऊन नुसतं खोबरेल चोळलं होतं. आयुष्यभर बायकांचे हात तिने चोळूनच तर मऊ केले होते.

तिने स्वतःच्या मनगटाची कातडी चिमटीत धरून पाहिली. चिमटीत काहीच आलं नाही.

नवरीने तिचा हात मांडीवर ओढून घेतला आणि तिच्यासारखीच अंगठ्याखाली दाबू लागली. “सैल सोडा ना, मावशी.”

“सोडलाय गं,” अनसूया म्हणाली.